खोगिराखालील नमदा : जुळणीतील दोष व त्यांचे निराकरण

मराठीत निरुपयोगी भरताडास 'खोगीरभरती' म्हणतात. खोगिराच्या गादीत चिंध्या, गवत, जे हाती येईल ते कोंबले जाई, त्यावरून हा शब्दप्रयोग रूढ झाला. भाषेने ही भरती क्षुल्लक लेखली असली तरी घोड्याच्या दृष्टीने ती मुळीच क्षुल्लक नाही. खोगीर व पाठ यांच्यामध्ये काय घातले जाते, किती घातले जाते आणि ते कसे बसते, यावर त्या पाठीचे आरोग्य बऱ्याच अंशी अवलंबून असते. या दोहोंमध्ये घालावयाच्या थरास नमदा म्हणतात. पूर्वी तो दाबलेल्या लोकरीचाच असे. आज तो सुती कापड, मेंढीचे कातडे, फोम किंवा जेल यांचाही केलेला आढळतो. इंग्रजीतील 'नम्ना' हा शब्द या नमद्यावरूनच आलेला आहे.

पाठीवरील जखमांचा प्रश्न घोडदळाइतकाच जुना आहे. ब्रिटिश लष्करातील पशुवैद्य फ्रेडरिक स्मिथ यांनी १८९१ साली खोगिरे व पाठीच्या जखमा या एकाच विषयाला वाहिलेले पुस्तक प्रसिद्ध केले. घोडा धडधाकट असूनही पाठ सोलवटल्यामुळे स्वारीस निकामी होतो, ही गोष्ट सैन्याच्या दृष्टीने लहान नव्हती. आज घोडदळाचे ते महत्त्व उरले नसले तरी शर्यती, क्रीडा, पोलीस दल व पर्यटन यांसाठी घोड्यावर खोगीर चढतेच. आणि घोड्यास आपली वेदना बोलून दाखविता येत नाही, ही अडचणही कायम आहे.

नमद्याचे कार्य समजण्यासाठी प्रथम पाठीची रचना ध्यानात घ्यावयास हवी. घोड्याच्या छातीच्या भागात १८ मणके असून त्यांतील पुढच्या मणक्यांचे काटेरी प्रवर्ध विशेष लांब असतात. त्यांच्यामुळेच मानेच्या बुडाशी, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, उंचवटा निर्माण होतो. या उंचवट्यावर त्वचेखाली मांसाचे आच्छादन फार थोडे असते. म्हणून तेथे भार सहन होत नाही. भार वाहावयाचा तो कण्याच्या दोन्ही बाजूंच्या लांब स्नायूंनी. त्याकरिता खोगिराच्या दोन गाद्यांमध्ये पन्हळ ठेवलेली असते, आणि भाराचे क्षेत्र शेवटच्या बरगडीच्या मागे जाऊ नये असा संकेत आहे. दाब एकाच ठिकाणी एकवटून दीर्घकाळ टिकला, तर तेथील केशवाहिन्या दबतात, रक्तपुरवठा मंदावतो व ऊतींची हानी होते.

नमदा घाम शोषतो, घर्षण कमी करतो आणि दाब काही प्रमाणात विभागतो. परंतु तो स्वतः जागा व्यापतो, हे तत्त्व वारंवार विसरले जाते. खोगीर अरुंद असून खांद्यांना चिमटत असेल, तर जाड नमदा घालण्याचा मोह होतो. परिणाम उलटा होतो. घट्ट जोड्यात जाड मोजा घातल्याने पाय जसा अधिकच आवळला जातो, तशीच ही गती. अशा वेळी नमदा पातळ करावा, आणि तेवढ्याने भागत नसल्यास जीनगराकडून खोगिराच्या सांगाड्याची रुंदी बदलून घ्यावी. त्यास पर्याय नाही.

दुसरा दोष नमद्याच्या आकाराचा. नमद्याची वरची कड सरळ असेल, तर खोगीर चढताच तो उंचवट्यावर ताणला जातो. स्वार बसल्यावर हा ताण वाढतो. खोगीर उंचवट्यापासून दूर असूनही तेथे केस झडलेले किंवा जखम झालेली आढळते, तिचे कारण पुष्कळदा हेच असते. उपाय सोपा आहे. पाठीच्या रेषेप्रमाणे वळण दिलेला नमदा निवडावा, तंग आवळण्यापूर्वी तो हाताने पन्हळीत वर खेचून घ्यावा आणि उंचवट्यावर मोकळी हवा खेळू द्यावी. तसेच नमदा प्रथम किंचित पुढे ठेवून केसांच्या दिशेने मागे सरकवावा. उलट दिशेने सरकविल्यास केस उभे राहून त्वचेची आग होते.

तिसरा दोष सुरकुत्या, शिवणी व कडा यांचा. नमदा खोगिराहून लहान असेल, तर त्याची जाड कड नेमकी गादीखाली येते व एका रेषेत दाब निर्माण करते. म्हणून तो सर्व बाजूंनी दोन-तीन बोटे बाहेर असावा. वाळलेल्या घामाने ताठर झालेला नमदा तर खरवडणाऱ्या कातड्यासारखा वागतो. ही स्वच्छतेची बाब असली तरी परिणाम जुळणीच्या दोषासारखाच होतो.

चौथा दोष सरकण्याचा. नमदा मागे सरकत असल्यास त्याचे पट्टे, तंगाची जागा व खोगिराचा तोल तपासावा. मात्र खोगीर सतत एकाच बाजूस सरकत असेल, तर सरक-रोधक नमदा घालून स्वस्थ बसणे धोक्याचे आहे. लिने ग्रेव्ह व स्यू डायसन यांनी इंग्लंडमध्ये केलेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा सरकण्याचा मागील पायांच्या लंगडेपणाशी निकटचा संबंध दिसून आला. संवेदनाहारक औषध टोचून पायाची वेदना थांबविताच बहुतेक घोड्यांच्या खोगिराचे सरकणेही थांबले. अर्थात येथे दोष नमद्याचा नसून पायाचा होता. सरक-रोधक नमद्याने केवळ लक्षण झाकले गेले असते आणि रोग वाढत राहिला असता.

पाचवा प्रकार पोकळीचा. खोगीर पुढे व मागे टेकून मध्ये अधांतरी राहते, किंवा फार रुंद असल्यामुळे पुढून खाली बसते. येथे मात्र नमद्याचा खरा उपयोग होऊ शकतो. खिसे असलेल्या नमद्यात योग्य जागी पातळ पट्ट्या घालून पोकळी भरता येते. अमेरिकन घोडदळात मॅक्लेलन खोगिराखाली सहा पदरी घडीची घोंगडी घालीत. अशा घडीचा लाभ असा की मोहिमेत घोडा रोडावला तर ती बदलून जुळणी साधता येते. तथापि हे उपाय तात्पुरते होत. व्हिएन्ना येथील पशुवैद्यक विद्यापीठातील संशोधकांनी जेल, चामडे, फोम व रेनडियरचे केसाळ कातडे अशा नमद्यांची दाबमापक चटईच्या साहाय्याने तुलना केली व तिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध केले. त्यांवरून योग्य निवडलेला नमदा फार रुंद खोगिराचा दोष काहीसा सौम्य करू शकतो असे दिसते. पण एकच नमदा सर्व घोड्यांना सारखाच मानवत नाही, म्हणून प्रत्येक पाठीवर स्वतंत्र परीक्षा अवश्य ठरते.

ही परीक्षा घेण्यास नेहमी यंत्रच लागते असे नाही. काम संपल्यावर खोगीर उतरवून घामाचे ठसे पाहावे. दोन्ही बाजू समान ओल्या असल्यास ते शुभलक्षण होय. ओल्या भागात एखादा कोरडा ठिपका असेल, तर त्याचे दोन अर्थ संभवतात : तेथे दाब इतका की घाम सुटत नाही, अथवा तेथे स्पर्शच नाही. हाताने दाबून पाहिले असता घोडा पाठ आखडून घेत असेल, तर पहिला अर्थ संभाव्य मानावा. खोगिराखाली हात घातला असता पोकळी लागली, तर दुसरा. पांढरे केस हे मात्र उशिराचे साक्षीदार होत. केसांच्या मुळाशी असलेल्या रंगपेशी नष्ट झाल्यानंतरच ते उगवतात.

म्हणून तपासणीचा क्रम निश्चित असावा. प्रथम नमद्याविना खोगीर उघड्या पाठीवर ठेवून पाहावे, नंतर नमद्यासह आणि शेवटी स्वारासह. वय, ऋतू, आहार व व्यायाम यांनुसार पाठीचा आकार पालटतो, यास्तव हा क्रम वर्षातून अनेकदा करावा लागतो. खोगीर मुळात पाठीस जुळत असेल तर पातळ, स्वच्छ नमदा पुरेसा होतो. दर महिन्यास अधिक जाड नमद्याची गरज भासू लागली, तर नवा नमदा आणण्यापूर्वी जीनगरास व पशुवैद्यास बोलाविणेच इष्ट होय.