परसातला शेवटचा तोडा

कोकणातली परसबाग : पावसाळी हंगामाची अखेर

- काळ : वेलांची लागवड जूनच्या सुमारास. पावसाळ्यात कोवळा तोडा, ऑक्टोबर-नोव्हेंबरात जून फळे.

- तवसे : वेलावर पूर्ण वाढलेली मोठी काकडी. वाशाला टांगल्यास बराच काळ टिकते. कीस तवसोळी आणि धोंडसात वापरतात.

- लाल भोपळा : देठ सुकला, सालीत नख रुतेनासे झाले की तयार. देठासकट काढावा, देठ तुटल्यास लवकर सडतो. कोरड्या, हवेशीर जागी दोन-तीन महिने टिकतो. घारगे याचेच.

- दोडका की घोसाळे? : दोडक्याला उभ्या शिरा, घोसाळे गुळगुळीत. दोन्ही कोवळीच खातात. जून झाल्यावर आत जाळी धरते. घोसाळ्याची वाळलेली जाळी अंग घासायला वापरतात.

- फुलण्याची वेळ : लाल भोपळा आणि घोसाळे सकाळी, दुधी आणि दोडका संध्याकाळी.

- सुरण : लागवडीनंतर सात-आठ महिन्यांनी, पाने पिवळी पडून माना टाकल्यावर काढतात. घशाला खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. भाजीत चिंच किंवा आमसूल घालतात.

- हळद : सात ते नऊ महिन्यांचे पीक. पाने पातोळ्यांसाठी श्रावण-भाद्रपदातच खुडतात. कंद पाला वाळल्यावर काढतात.

- बियाणे : निरोगी वेलावरचे एखादे फळ पूर्ण पिकू देतात. बी धुऊन, सावलीत वाळवून, राखेत मिसळून ठेवतात.

- सावधान : कडू लागणारा दुधी खाऊ नये, त्याचा रसही पिऊ नये. हा कडूपणा कुकरबिटासिन या विषारी द्रव्याचा. शिजवूनही जात नाही.