६४० केबीची भिंत

संगणकाचे जुने दिवस : भाग ९

१९९२-९३च्या सुमाराला ज्यांनी पीसी वापरला, त्यांना हा वैताग आठवत असेल. यंत्रात ४ एमबी मेमरी, तीही चांगले पैसे मोजून बसवलेली. आणि गेम सुरू करावा तर पडद्यावर तक्रार, मेमरी पुरत नाही. मग ते ४ एमबी गेले कुठे?

होते तिथेच होते. डॉसचा हात तिथवर पोचत नव्हता, एवढंच.

याचं मूळ १९८१ सालात आहे. आयबीएमने आपल्या पहिल्या पीसीत इंटेलची ८०८८ ही चिप घेतली. मेमरीतल्या प्रत्येक बाइटला क्रमांकाचा पत्ता असतो आणि तो सांगायला या चिपला २० तारा होत्या. २० तारांवर १०,४८,५७६ पत्ते मावतात, म्हणजे नेमका १ एमबी. त्यातले वरचे ३८४ केबी आयबीएमने पडदा, बायोस आणि जोडकार्डं यांच्यासाठी राखून ठेवले. खाली उरले ६४०. डॉस, ड्रायव्हर आणि तुमचा प्रोग्राम, सगळ्यांनी त्यातच भागवायचं. तेव्हा हा कंजूसपणा वाटला नाही, कारण त्या पीसीचं सर्वांत स्वस्त मॉडेल १६ केबीचं होतं! (६४० केबी कुणालाही पुरतील असं बिल गेट्स म्हणाले, ही कथा अजून फिरते. त्यांनी ती साफ नाकारली आहे. आणि ही वाटणी मुळात आयबीएमची.)

पुढच्या ८०२८६ चिपला २४ तारा आल्या, १६ एमबीची सोय झाली. पण जुने प्रोग्राम चालावेत म्हणून डॉसखाली ती ८०८८सारखीच वागे. मग सुरू झाले जुगाड. लोटसच्या हिशेबाच्या तक्त्यांना जागा अपुरी पडू लागली, तेव्हा १९८५मध्ये लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने ईएमएस आणलं: राखीव भागात ६४ केबीची खिडकी, तिच्यात जादा मेमरीचे १६-१६ केबीचे तुकडे आलटूनपालटून आणायचे. जाडजूड पुस्तक, पण एका वेळी चारच पानं उघडी, असा मामला.

मला सर्वांत गमतीची वाटते ती दुसरी फट. ८०८८ कुटुंबात पत्ता दोन आकड्यांच्या बेरजेने बनतो, आणि ही बेरीज १ एमबीच्या थोडी पुढे जाऊ शकते. ८०८८वर ती फिरून शून्याकडे येई. ८०२८६वर मात्र पलीकडचे ६५,५२० बाइट खरोखर हाती लागत. कुणी मुद्दाम न ठेवलेल्या या जागेत १९९१च्या डॉस ५ने स्वतःचा बराचसा पसारा हलवला आणि खाली प्रोग्रामांना ऐसपैस जागा करून दिली.

१९९३च्या ‘डूम’ने हे सगळं बाजूला सारलं. त्याच्याबरोबर आलेला एक्स्टेंडर चिपला थेट ३२ बिटांच्या पद्धतीत नेई. खेळायला ४ एमबी लागत आणि ते सगळे वापरता येत.

डॉस ५ किंवा त्यापुढचा चालता पीसी कुणाकडे असेल, तर ‘मेम /सी’ ही आज्ञा देऊन पाहा. कुणी किती जागा अडवली आहे, त्याची यादीच मिळेल. विंडोजमधली २ जीबीची हद्द पुढच्या आठवड्यात.