एका रात्रीत सापडलेली सीमा

१९४०च्या दशकातला कलकत्ता विद्यापीठातला एक वर्ग. शिकवणारे सी. आर. राव अवघे विशीतले, आणि समोर बसलेला एक विद्यार्थी त्यांच्याच वयाचा. नमुना अमर्याद मोठा असेल तर त्यावरून काढलेलं अनुमान किती अचूक असू शकतं, याबद्दलचा एक निष्कर्ष राव समजावून सांगत होते. त्या विद्यार्थ्याने विचारलं, नमुना मर्यादित असेल तर हे सिद्ध करता येईल का? राव घरी गेले, रात्रभर गणित करत बसले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात सिद्धता मांडली. १९४५ साली ती छापून आली. क्रामेर-राव असमानता म्हणून आज जगातल्या प्रत्येक विद्यापीठात संख्याशास्त्राचे विद्यार्थी ती शिकतात. २०२३ साली, वयाच्या १०२व्या वर्षी, रावांना संख्याशास्त्राचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो याच शोधनिबंधासाठी.

प्रश्न विचारणारा तो विद्यार्थी साताऱ्याचा होता. वि. म. दांडेकर. पुढे ते पुण्याच्या गोखले संस्थेचे संचालक झाले आणि नीलकंठ रथ यांच्यासोबत त्यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्याचा गाजलेला अभ्यास लिहिला.

रावांची असमानता सांगते ती गोष्ट मला आजही थक्क करते. तुमच्या हाती जेवढी माहिती आहे, तिच्यातून किती नेमकं उत्तर काढता येईल याला एक सीमा आहे. तुम्ही कितीही हुशार असा, कितीही चलाख सूत्र लावा, एकाच बाजूला न कलणारं अनुमान त्या सीमेपेक्षा अचूक होऊच शकत नाही. आणि ती सीमा आधीच, कागदावर, मोजता येते. आपल्याला किती कळू शकणार नाही हे आकड्यात सांगणारं शास्त्र!

संख्याशास्त्राच्या पदवीची तीन-चार वर्षं खरं तर याच गोष्टीभोवती फिरतात. संभाव्यता, वितरणं, नमुना निवड, रिग्रेशन, प्रयोगांची आखणी, संगणकावर ‘आर’ किंवा ‘पायथन’. शितावरून भाताची परीक्षा आपल्या घरात रोज होते. संख्याशास्त्र विचारतं, शितं किती घ्यायची, आणि पातेलं मोठं असेल तर जास्त घ्यायची का? उत्तर चकित करणारं आहे: पातेल्याच्या आकाराने जवळजवळ काहीच फरक पडत नाही. नीट यादृच्छिक पद्धतीने निवडलेली हजार माणसं लाखाच्या शहराबद्दल जितकं नेमकं सांगतात, जवळपास तितकंच कोट्यवधींच्या देशाबद्दल सांगतात. टक्केवारीत चूक साधारण तीन अंकांच्या आत राहते. ती निम्मी करायची तर मात्र नमुना चौपट लागतो.

पण चुकीची आणखी एक जात असते, आणि ती नमुना वाढवूनही जात नाही. ती दाखवून दिली आणखी एका सातारकराने. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. पिकाचा उतारा काढायला शेतातला एखादा तुकडा निवडून कापायचा आणि धान्य तोलायचं, ही पद्धत १९४०च्या दशकात रुजत होती. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते, कारण कमी खर्चात पुष्कळ कापता येतात. सुखात्मे म्हणाले, लहान तुकडे उतारा फुगवून दाखवतात. का? ६० सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ घ्या. त्यात दर चौरस मीटरमागे ३.३ मीटर कड येते. १० बाय ५ मीटरच्या आयतात ती फक्त ०.६ मीटर. कडेवरचं ताट आत धरायचं की बाहेर? कापणाऱ्याचा हात नकळत ते आत घेतो. कड जितकी जास्त, तितकी अशी ताटं जास्त. असे दहा हजार तुकडे कापले तरी चूक तशीच राहते, उलट आपण बरोबर आहोत हा विश्वास तेवढा वाढतो.

आजही पीक कापणी प्रयोगात अनेक पिकांसाठी १० बाय ५ मीटरचा तुकडा यादृच्छिक आकड्यांनी ठरवला जातो, आणि पीक विम्याची भरपाई त्याच्या वजनावर अवलंबून असते. तुकडा आखणारी दोरी कुठे पडते, यावर हजारो घरांचं वर्ष ठरतं.

म्हणून या शिक्षणातून निघणाऱ्या वाटा मला नुसत्या नोकऱ्या वाटत नाहीत. औषधाच्या चाचणीत किती रुग्ण घ्यायचे हे पहिला रुग्ण येण्याआधी जीवसंख्याशास्त्रज्ञ ठरवतो. विम्याचा हप्ता किती असावा हे ॲक्चुअरी सांगतो. त्याच्या परीक्षा अवघड आणि लांबलचक, पण पदवी घेता घेता सुरू करता येतात. मुंबईत देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण होतं. पाचव्या फेरीत सहा लाखांहून अधिक घरं होती, कारण देशाचाच नव्हे, ७०७ जिल्ह्यांतल्या प्रत्येकाचा वेगळा अंदाज हवा होता. केंद्रात भारतीय सांख्यिकी सेवा आहे, राज्यात अर्थ व सांख्यिकी संचालनालय. रिझर्व्ह बँक, कारखान्यांतलं गुणवत्ता नियंत्रण, बँकांतली कर्ज-जोखीम, सगळीकडे माणसं लागतात.

डेटा सायन्सच्या नावाने आज सगळ्यात जास्त गर्दी होते. पगार चांगले आहेत, हे खरंच. पण आकडे कुठून आले, कोणाला मोजलंच नाही, उतारा कुठे फुगला, हे न विचारता जो नुसतं सॉफ्टवेअर चालवतो, त्याच्या उत्तरावर मी विश्वास ठेवणार नाही.

हे वाचणाऱ्या अकरावी-बारावीच्या मुलामुलींना एवढंच सांगेन: गणित सोडू नका. बी.एस्सी. सांख्यिकी असो की भारतीय सांख्यिकी संस्थेची प्रवेश परीक्षा, दार गणितानेच उघडतं. आणि वर्गात प्रश्न विचारा, दांडेकरांनी विचारला होता तसा.