कर्ज मरहूमचे, हप्ता विम्याचा. दावा मात्र कोणी केलाच नाही

मोर्शी-वरूडचा भाग संत्र्यांचा. आंबिया आणि मृग या दोन बहारांवर येथे केवळ शेतकऱ्यांचेच नव्हे, तर बागा घेणारे बागवान, पेट्या ठोकणारे सुतार, टेम्पोवाले, वेल्डिंगवाले अशा सर्वांचेच पोट चालते. हंगाम आला की पैसा लागतो आणि पैसा लागला की बँकेचे नाहीतर फायनान्स कंपनीचे दार ठोठवावे लागते. कर्ज घेताना दहा-पंधरा ठिकाणी सह्या होतात. त्यांतील एक सही पुष्कळदा विम्याची असते, हे मात्र अनेकांना ठाऊकच नसते.

एक उदाहरण घेऊ. हे कोणा एका घरचे नाही, पण कोणत्याही मोहल्ल्यात घडू शकेल असे आहे. एका बागवानाने टेम्पोसाठी 5 वर्षांच्या मुदतीने 4 लाखांचे कर्ज काढले. कर्जातच विम्याचे 9 हजार मिळविले गेले, म्हणजे खात्यावर 4 लाख 9 हजार चढले. 2 वर्षांनी त्याचा इंतकाल झाला. शेवटच्या आजारपणात 2 हप्ते थकले होते. चाळीसवा होतो न होतो तोच जामीनदार भावाच्या नावे 2 लाख 92 हजारांची नोटीस आली. मरहूमवर कर्जाचे ओझे राहू नये म्हणून भाभींनी दागिने विकायला काढले. मरहूमचा विमा उतरविला होता काय, हे ना बँकेने सांगितले, ना घरच्यांनी विचारले.

हा विमा कशाचा?

याला कर्ज विमा म्हणतात. बँक विमा कंपनीकडून सर्व कर्जदारांसाठी एकच सामूहिक पॉलिसी घेते आणि प्रत्येक कर्जदाराला विम्याचे प्रमाणपत्र मिळते. ते पुष्कळदा कर्जाच्या फायलीतच पडून राहते. कर्जदार वारला तर विमा कंपनीने कर्जाची बाकी भरावी, हा त्याचा हेतू. काही पॉलिसींत कायमचे अपंगत्व किंवा गंभीर आजारही येतो. नोकरी सुटल्यास हप्ते भरणारा विमाही असतो. तो पगारदारांसाठी, दुकानदाराला त्याचा उपयोग नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. विमा होता म्हणजे सगळे कर्ज आपोआप मिटले, असे नाही. बहुतेक पॉलिसींत विम्याची रक्कम हप्त्यांच्या वेळापत्रकाप्रमाणे दरमहा कमी होत जाते. थकलेले हप्ते व त्यांवरील व्याज त्यात येत नाही. वरच्या उदाहरणात वेळापत्रकाप्रमाणे बाकी 2 लाख 74 हजार असेल तर ती विम्यातून यावी. घरच्यांकडे उरतात थकलेले 18 हजार व त्यांवरील व्याज. वाद घालायचा तो या हिशेबाचा. "कर्जच देणे लागत नाही" असे म्हणून भांडणारा हरतो. "विम्याची रक्कम वजा करून बाकी सांगा" असे लेखी मागणाऱ्याची बाजू भक्कम असते.

पहिले काम : कागद

पैसे भरण्यापूर्वी बँकेला अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. अर्जात तीन गोष्टी मागाव्यात : कर्ज खात्याचा पूर्ण उतारा, कर्ज मंजुरीचे पत्र आणि विम्याचे प्रमाणपत्र. उताऱ्याच्या पहिल्याच पानावर विम्याचा हप्ता कापल्याची नोंद सापडते. 1 ऑक्टोबर 2024 नंतर व्यक्तीने किंवा लहान उद्योगाने घेतलेल्या मुदत कर्जासोबत 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. कर्जदाराला समजेल अशा भाषेत असलेल्या या कागदात विम्यासारखे आकारही दाखवावे लागतात.

मग दाव्याचा अर्ज, नगर परिषदेचा मृत्यू दाखला, दवाखान्याचे कागद आणि वारसाची ओळखपत्रे जोडून दावा बँकेत द्यावा. एक प्रत विमा कंपनीला स्पीड पोस्टाने पाठवावी. उशीर झाला म्हणून खचू नये. उशिराचे कारण खरे असेल तर केवळ उशिरासाठी दावा फेटाळू नये, असे विमा नियामकाने 2011 मध्येच कंपन्यांना कळविले आहे.

मरहूमचे बचत खाते असल्यास त्याचे पासबुकही पाहावे. प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचे 436 रुपये कापलेले असतील तर 2 लाख रुपये नामनिर्देशित वारसाला मिळतात. हा विमा कर्जाच्या विम्याहून वेगळा आहे.

कंपनी नाही म्हणाली तर?

"आजार लपविला" किंवा "विमा सुरूच झाला नव्हता" ही उत्तरे नेहमीची. नकार लेखी व कारणासह मागावा. आयुर्विमा सुरू होऊन 3 वर्षे उलटली असतील तर 2015 च्या दुरुस्तीनंतर विमा कायद्याचे कलम 45 वारसांच्या बाजूने उभे राहते. दुसऱ्या सबबीबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा 2018 चा निकाल ध्यानात ठेवण्याजोगा आहे. गृहकर्जासोबतच्या सामूहिक विम्याचे ते प्रकरण एसबीआय लाइफ कंपनीविरुद्धचे होते. हप्ता घेतला, तो ठेवून घेतला, वेळेत नकारही कळविला नाही आणि कर्जदार वारल्यावर विमा झालाच नव्हता असे म्हटले, हे न्यायालयाने मान्य केले नाही.

दाद मागण्याच्या जागा अशा :

विमा कंपनीने नकार दिला किंवा महिनाभर उत्तरच दिले नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. फी नाही, वकील लागत नाही.

बँकेने दावा पुढे पाठविलाच नाही, किंवा 30 दिवसांत तक्रारीला उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करावी. पतसंस्था या योजनेत येत नाहीत. तेथे सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे जावे.

अमरावतीला जिल्हा ग्राहक आयोग आहे. तेथे 2 वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते.

तक्रार केली म्हणून वसुली आपोआप थांबत नाही. म्हणून वादातील रक्कम कोणती, हे बँकेला लेखी कळवावे आणि जी बाकी निर्विवाद आहे ती भरत राहावे. जामीनदारानेही हेच करावे, कारण कायद्याने त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. वारस मात्र मरहूमच्या मिळकतीतून जेवढे त्यांच्या वाट्याला येते तेवढ्यापुरतेच जबाबदार असतात.

दीन आणि हिशेब

ब्रिटनमध्ये कर्जासोबत असाच विमा लोकांच्या गळ्यात मारला गेला. लोकांनी जुने कागद काढून दाद मागितली, तेव्हा बँकांना 38 अब्ज पौंडांहून अधिक रक्कम परत करावी लागली. तेथेही कामाला आले ते जपून ठेवलेले कागदच.

विमा जायज की नाजायज, याबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत. ज्याला शंका असेल त्याने मुफ्तीसाहेबांना विचारावे आणि नवे कर्ज घेताना विमा ऐच्छिक आहे का, हेही बँकेला विचारावे. परंतु मरहूमच्या खात्यातून हप्ता कापला गेला आहे, तर त्याचा हिशेब मागणे ही भीक नव्हे. वारसा वाटण्यापूर्वी कर्ज फेडण्याचा हुकूम आपल्याला आहे. कर्ज नेमके किती, हे ठरविल्याशिवाय तो हुकूम नीट पाळता येत नाही. कुरआनातील सर्वांत मोठी आयत कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, हे आपण नेहमी सांगतो. मग आज घरी गेल्यावर कर्जाची फाईल काढा, विम्याचे प्रमाणपत्र आहे का पाहा, आणि ते कोठे ठेवले आहे हे घरच्यांना सांगून ठेवा.