टायर उतरवल्याशिवाय कळत नाही

पुणे-नाशिक रस्ता असो की मुंबई-गोवा, बाहेर टांगलेला जुना टायर दिसला की पंक्चरचं दुकान आलं. पाटीवर बऱ्याचदा ‘टायर व्हल्कनायझिंग वर्क्स’ असं लिहिलेलं असतं. चार्ल्स गुडइयर यांनी 1839 मध्ये गंधक मिसळून रबर तापवलं आणि ते टिकाऊ झालं, तीच ही प्रक्रिया. गरम पॅच बसवणारा कारागीर आजही छोट्या प्रमाणावर तेच करतो. एक कॉम्प्रेसर, दोन लिव्हर, कानस, सोल्यूशन, पाण्याचं घमेलं. एवढ्या सामानावर तो दिवसभर एकच प्रश्न सोडवत असतो: पंक्चर काढून भागेल, की टायरच बदलावा लागेल?

गिऱ्हाईकाचं उत्तर ठरलेलं. ‘काढून द्या, चालतंय.’

खरं उत्तर भोक कुठे पडलंय यावर असतं. टायर रस्त्याला टेकतो त्या जाड, नक्षीच्या पट्ट्यात खिळा सरळ घुसला असेल आणि भोक साधारण 6 मिलीमीटरच्या आत असेल, तर दुरुस्ती होते. बाजूच्या भिंतीला साधी फट पडली तरी टायर बाद. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात ती भिंत दबते आणि पुन्हा ताणली जाते. तिथे कुठलाच पॅच फार काळ टिकत नाही. रबर कापून आतले धागे दिसू लागले, किंवा कुठे फुगवटा आला, तरी तोच निकाल. फुगवटा म्हणजे आतले धागे तुटलेत आणि हवा नुसत्या रबरावर तोलली आहे.

ट्यूबच्या टायरचं काम बघण्यासारखं असतं. ट्यूब बाहेर काढून हवा भरायची, घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधायचे, ती जागा कानशीने घासायची, सोल्यूशन लावून सुकू द्यायचं आणि मग पॅच दाबायचा. ट्यूब परत घालण्याआधी कारागीर टायरच्या आतून सावकाश हात फिरवतो. खिळ्याचं टोक राहिलंय का, हे बघायला. त्याच वेळी एक वेगळीच गोष्ट हाताला लागू शकते: रबराचा काळा भुगा आणि आतल्या भिंतीवर गोल उमटलेली सुरकुती. हवा नसताना गाडी कुणीतरी बसून चालवल्याची ही खूण. अशा टायरची नक्षी बाहेरून कोरी करकरीत असली, तरी तो पुन्हा वापरू नये.

ट्यूबलेसने ही तपासणीच काढून घेतली. खिळा पक्कडीने उपसायचा, भोक घासायचं, चिकट रबरी पट्टी सुईने आत सारायची, उरलेलं टोक कापायचं. पाच मिनिटांत गाडी मोकळी. घाटात रात्री अडकलेल्याला हा मोठाच आधार आहे, पण ही दुरुस्ती घरी पोहोचण्यापुरती मानावी. नंतर टायर उतरवून आत बघून घ्यावा आणि आतूनच मशरूम प्लग बसवावा. त्याचा दांडा भोक भरतो, टोपी आतल्या बाजूला चिकटून हवा अडवते. वेळ आणि पैसे जास्त लागतात. पुढच्या चाकाबाबत तर तडजोड करूच नये. वेगात त्याची हवा गेली की हँडल ताब्यात राहत नाही.

कधी कधी पंक्चरच्या निमित्ताने टायरचं वयही बघितलं जातं. कडेला चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. अंगणात उभ्या राहणाऱ्या गाडीचा टायर झिजत नाही, पण रबर कडक होऊन तडकतं. नक्षीच्या खाचांत झीज दाखवणारे छोटे उंचवटे असतात. नियमाप्रमाणे दुचाकीच्या नक्षीची खोली किमान 0.8 मिलीमीटर हवी. रबर त्या उंचवट्यांना येऊन भिडलं असेल, तर भोक कितीही बारीक असलं तरी पंक्चरवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

नवा टायर घेताना कंपनीने दिलेलंच माप घ्यावं. क्लासिक 350 या मोटारसायकलच्या तारांच्या चाकात ट्यूब असते. तिथे टायरबरोबर ट्यूबही नवीच घालावी, कारण जुनी ताणलेली ट्यूब नव्या टायरमध्ये घड्या पाडून बसते. कोऱ्या टायरचा वरचा थर निसरडा असतो, म्हणून पहिले शे-दीडशे किलोमीटर वळणावर गाडी फार कलती करू नये आणि ब्रेक बेताने लावावा.