हिरवा झेंडा कुणासाठी?

गाडी सुटायच्या वेळची फलाटावरची धांदल तुम्हांला काय सांगायला हवी! कुणाची पाण्याची बाटली भरायची राहिलेली असते, कुणाचा मुलगा भज्यांसाठी अडून बसलेला असतो, आणि पोचवायला आलेल्या जाऊबाईंच्या सूचना काही केल्या संपत नाहीत. तेवढ्यात शिट्टी होते, हिरवा झेंडा दिसतो आणि एकच पळापळ! पण मैत्रिणींनो, तो झेंडा आपल्यासाठी नसतोच. तो असतो चालकासाठी.

चालक पुढे इंजिनात, गार्ड अगदी शेवटी. (२०२२ पासून रेल्वे त्यांना 'ट्रेन मॅनेजर' म्हणते, आपल्या तोंडी मात्र गार्डच.) बावीस डब्यांची गाडी म्हणजे अर्धा किलोमीटर लांबी! एवढ्या अंतरावरून दोघांनी एकमेकांना 'निघू या का?' विचारायचं, म्हणून ही खुणांची भाषा.

त्याआधी रस्ता मोकळा हवा. एकेरी मार्गावर पूर्वी त्यासाठी सर्रास लोखंडी गोळा देत. दोन स्टेशनांच्या यंत्रांमधून एका वेळी एकच गोळा बाहेर निघे, तोही दोन्हीकडच्या स्टेशनमास्तरांनी मिळून काढला तरच. तो हाती पडल्याशिवाय चालक हलायचा नाही. घराला एकच किल्ली असावी, तसं! आता बहुतेक ठिकाणी फलाटाच्या टोकाचा 'स्टार्टर' सिग्नलच ते काम करतो. तो हिरवाच व्हायला हवा असं नाही हं. पिवळा झाला तरी गाडी सुटते; फक्त पुढच्या सिग्नलला थांबायच्या तयारीनं जाते. तेव्हा 'अजून पिवळाच आहे' म्हणून खाली रेंगाळू नका.

सिग्नल मिळाला तरी चालकानं आपल्या मर्जीनं निघायचं नसतं. गार्डनं फलाटावर नजर टाकायची, सगळं ठीक असल्याची खात्री करायची आणि मगच शिट्टी वाजवून दिवसा झेंडा, रात्री हिरवा दिवा दाखवायचा. हल्ली वॉकीटॉकीवरही बोलणं होतं. मुंबईच्या लोकलमध्ये गार्ड दोन घंटा देतो, मोटरमन दोन घंटांनी उत्तर देतो, की निघाली गाडी. सकाळच्या गर्दीत हे सारं काही क्षणांत उरकतं.

माझ्या मते सगळी मदार त्या एका नजरेवर आहे. पण फलाट वळणाचा असला, गर्दी असली, तर त्या नजरेला पुढच्या डब्यापाशी अडखळलेली आजी कशी दिसणार? म्हणून एक खूण तुम्हीही शिकून ठेवा. रेल्वेच्या नियमांत दोन्ही हात डोक्यावर उंच धरणं म्हणजे 'थांबवा'. कुणी पडलं, कुणाचा पदर दारात अडकला, तर नुसतं किंचाळू नका. गार्डला किंवा चालकाला दिसेल असे दोन्ही हात वर करा. डब्यात असाल तर साखळी ओढा. विनाकारण ओढली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण जिवाचा प्रश्न असताना कचरू नका.

शाळेच्या सहलीला चाळीस मुली घेऊन निघताना मी आधी गार्डच्या डब्यापाशी जाते आणि आमचा डबा कुठला, मुली किती, ते सांगून येते. सासूबाईंना किंवा लहानग्यांना घेऊन निघताना तुम्हांलाही तेवढं सहज करता येईल.