जाळ्यातील स्विचचे परक्या यंत्रापासून रक्षण

अलीकडे दूध संकलन केंद्रात वजनकाटा, फॅट तपासणीचे यंत्र, संगणक व कॅमेरे एकाच जाळ्याला जोडलेले आढळतात. या सर्वांस जोडणारी पेटी म्हणजे स्विच. शास्त्रीय परिभाषेत ती ब्रिजच होय.

एक केबल तुटल्यास काम अडू नये म्हणून दोन स्विचमध्ये जादा केबल जोडतात. त्यामुळे मात्र वर्तुळ तयार होते. पाटाचे पाणी निदान जमिनीत मुरते; इथरनेटच्या संदेशास आयुष्याची मर्यादाच नसल्याने सर्वांसाठी निघालेला संदेश वर्तुळात फिरतच राहतो आणि थोड्याच वेळात व्यवहार ठप्प होतो. यावर राडिया पर्लमन या विदुषींनी १९८५ साली 'स्पॅनिंग ट्री' ही पद्धत काढली. तीत स्विच आपसांत सूचना पाठवून एक मुख्य स्विच निवडतात व जादा वाटा बंद ठेवतात. ज्याचा अग्रक्रमांक सर्वांत लहान, तो मुख्य. हा अंक सामान्यतः मुळात ३२७६८ असतो.

येथेच उणीव आहे. सूचना कोणी पाठविली याची शहानिशा होत नाही. कोणीही परका येऊन 'मीच पाटकरी' म्हणावे व साऱ्या गावाने पाळ्या त्याच्या हाती द्याव्यात, तसा हा प्रकार होय. कोणी लहान अंकाचा स्विच जोडला की तोच मुख्य होतो, बरीच वाहतूक त्याच्यातून जाऊ लागते आणि ती चोरून पाहणे शक्य होते. शिवाय जुन्या पद्धतीत फेरनिवडीनंतर वाट सुरू होण्यास ३० ते ५० सेकंद लागतात. सकाळी केंद्रावर रांग लागली असता असे वारंवार घडल्यास नोंदी अडतात आणि वाद उद्भवतात.

आपल्या मुख्य स्विचला ४०९६ सारखा लहान अंक द्यावा; परंतु परका शून्यही सांगू शकतो, म्हणून तेवढ्यावर विसंबू नये. संगणक, काटा, कॅमेरा यांच्या पोर्टवर 'बीपीडीयू गार्ड' लावावा. तेथे स्विचची सूचना येताच पोर्ट बंद पडते. कारण शोधून मगच ते उघडावे. जेथे दुसऱ्याचा स्विच जोडणे भागच आहे, तेथे 'रूट गार्ड' योग्य. तो सूचना येऊ देतो, पण वरचढ सूचना आल्यास वाट रोखतो व त्या थांबल्यावर ती आपोआप मोकळी करतो. 'बीपीडीयू फिल्टर' मात्र यांच्या जागी वापरू नये. तो सूचनाच गिळतो आणि वर्तुळ झाले तरी कळत नाही. रिकामी पोर्टे बंद ठेवावीत.

स्वस्त, साध्या स्विचमध्ये या सोयी नसतात. त्या आहेत की नाहीत, हे खरेदीपूर्वीच विक्रेत्यास विचारून घ्यावे.